श्री एक्केचाळीस

पत्नी सुमित्राबाई गेल्यापासून नीलकंठांच्या घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे विद्याधर नगरच्या दवाखान्यात, चहूकडे हिंदी चालू असताना, शेजारच्या मायलेकी मराठीत बोलू लागल्या, तशी त्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली. लेक आईच्या मोबाइलमध्ये औषधांची यादी शोधत होती.

"आई, सगळ्या फाइलींचं नाव श्री! श्री दोन, श्री तीन, पार एक्केचाळीसपर्यंत!"

"मी कुठे नावं दिली? वर श्री लिहिलं आणि पुढे लिहीत गेले."

"हे ॲप पहिली ओळच नाव म्हणून घेतं. मतलब, श्री दुसऱ्या ओळीत लिही ना."

"आणि पहिलीत काय लिहू, गोळ्या?"

"कोणत्या गोळीने पुरळ आलं, ते डॉक्टर विचारणार. आता एकेक उघडत बसते."

"बस की."

"आपलाच नंबर आहे पुढचा! ही लोणच्याची. ही... 'हिमानी शाळेत पहिल्या दिवशी रडली नाही. घरी येऊन मीच रडले.' आई, हे माझ्याबद्दल कधी लिहिलंस?"

"यादी शोध, यादी."

"मिळाली. श्री एकोणतीस."

"मग चल, नंबर पुकारला."

"थांब, ती शाळेची पूर्ण वाचू दे."

लेक नीलकंठांकडे वळली.

"अंकलजी, हमसे पहले आप चले जाएँगे?"

"नको गं, मला घाई नाही. तू मोठ्याने वाच."