आमच्या दारापुरता रस्ता

...नाही नाही, काम होत नाही असं मी म्हणतच नाहीये, तुम्ही आधी ऐकून तरी घ्या. काम होतं, दरवर्षी होतं, मार्च संपायच्या आत होतं. तक्रार कामाची नाहीच. तक्रार अशी आहे की आमच्या घराला बाहेरून कडी लावायची तर मला उकिडवं बसावं लागायचं. सव्वीस वर्षांचा माणूस सकाळी घराबाहेर पडतो, वळतो, आणि स्वतःच्याच दारासमोर खाली बसतो... येणारे-जाणारे बघणार ना? एकदा एका बाईंनी चपला काढल्या आणि विचारलं, "आत कुठला देव आहे?" मी म्हटलं, "देव नाही, कडी लावतोय." पण मी बोललो इतकं हळू की त्या हात जोडून पुढे गेल्या. माझं हे असंच आहे. मनात सगळं तयार असतं, तोंडापर्यंत येईस्तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

तर तुम्हाला सांगतो, मी सुशांत, जोगेश्वरी पूर्वेला आमची चाळ. बैठी. आमची गल्ली पाच फूट रुंद, एका बाजूला आमची घरं, दुसऱ्या बाजूला कारखान्याची भिंत. आणि या गल्लीत दरवर्षी वॉर्ड ऑफिसचं एक काम निघतं. एका वर्षी काँक्रीट टाकतात. मग काँक्रीट उखडलं म्हणून त्यावर लादी. लादी निसटते म्हणून त्यावर पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉक हलतात म्हणून त्यावर परत काँक्रीट. आधीचं काढून नवीन टाकायचं अशी पद्धत नाही, कारण काढायला वेळ लागतो, मलबा न्यायला गाडी लागते, आणि गाडी गल्लीत शिरत नाही. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून आधीच्यावर नवीन. दरवर्षी कधी एक बोट, कधी दोन बोटं. गल्ली वर चढते. घर काही चढत नाही, घर होतं तिथेच राहतं.

आता आमचं दार उघडतं बाहेरच्या बाजूला. गल्ली वर आली की दार अडकतं. मग बाबा करवत काढणार, दार बिजागरीतून उतरवणार, खालून एक पट्टी कापणार. दरवर्षी. लोक एप्रिलमध्ये पापड करतात, आमच्याकडे दार कापतात. सात फुटांचं दार होतं, मी आठवीतून शाळा सोडली तेव्हा सहा फुटांवर आलं होतं, आता साडेचार. दाराखालची चौकट विटांनी बंद, आणि घरात शिरायचं म्हणजे डोकं वाकवून तीन पायऱ्या खाली. पहिल्यांदा येणारा पाहुणा आत येत नाही, पडतो. आई सुगंधा, तिने पहिल्या पायरीशी कायमची एक गोधडीच घालून ठेवली आहे.

तुम्ही म्हणाल, मग घर वर घ्या. सगळ्यांनी घेतलंय. आमच्या बाजूच्या शकु काकींनी दोनदा भराव टाकून लादी वर घेतली. चाळीचे सेक्रेटरी नंदकुमार काका, त्यांनी तर छप्पर काढून भिंती चढवल्या. पूर्ण गल्लीत खाली राहिलेलं घर एकच, आमचं. का, तर आमचे बाबा. धाकू नाव. मालवणकडचे. त्यांचं म्हणणं एकच, "घर आधी होता, रस्तो मागसून इलो. जो मागसून इलो तेना खाली जावचा. आमी कित्याक चढाचा?" म्हणजे मागून आला त्याने खाली जावं, आपण का चढायचं? आता याला उत्तर आहे का सांगा. आई म्हणायची, "अहो, रस्त्याक कान नाय." त्यावर बाबा म्हणायचे, "म्हणान तर घर हलवचा नाय." संपला विषय.

हे असंच चाललं असतं, पण मधे मशीन आली. माझी काज-बटणाची मशीन. अंधेरीच्या कारखान्यातून शर्ट येतात, मी काज करतो, बटण लावतो, बाबा आणि आई धागे कापतात. तिघांचं पोट त्या एका मशीनवर. आणि मशीनची मोटर असते खाली, जमिनीपासून एक वीत. तीन वर्षांपूर्वी जुलैत पाणी उंबऱ्यावरून आत आलं आणि मोटरच्या खाली चार बोटं थांबलं. मी मोजलं ना. बोटं लावून मोजलं. आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. आता गल्ली अजून चार बोटं वर आली म्हणजे काय होणार, हे कळायला आठवी पुरते.

मग मी ठरवलं, अर्ज करायचा.

तुम्हाला सांगतो, अर्ज लिहायला मला अकरा दिवस लागले. म्हणजे लिहायचं काय ते ठाऊक होतं. आधीचे थर काढा, मग नवीन टाका, गल्ली मुळात होती तिथे आणा. पण "गल्ली" लिहिताना हात थांबला. म्हटलं, आपण कोण गल्लीबद्दल बोलणारे? गल्ली काय आपल्या एकट्याची आहे? सेक्रेटरी आहेत, मोठी माणसं आहेत, उद्या कोणी म्हणेल, हा कोण शहाणा. म्हणून मी "गल्ली" खोडलं आणि लिहिलं, "आमच्या दारासमोरचा रस्ता". लाजेपोटी. तेवढंच. ते तीन शब्द लक्षात ठेवा म्हणत नाही, मीच विसरायचा प्रयत्न करतोय.

वॉर्ड ऑफिसात नवीन ज्युनिअर इंजिनियर आल्या होत्या, रेवती मॅडम. मी गेलो, टेबलासमोर उभा राहिलो. त्या फाइल बघत होत्या. मी उभा. त्यांनी चहा घेतला. मी उभा. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही फॅन दुरुस्तीला आलात ना? तो बघा, वरचा." मला नाही म्हणता येईना हो. मी वर बघितलं. फॅन बघितला. म्हटलं, "कंडेन्सर गेला असेल." आणि मग अर्ज पुढे केला.

पण बाई चांगल्या. अर्ज वाचला, दुसऱ्या दिवशी टेप घेऊन स्वतः आल्या. दारात डोकं आपटलं, पायरी चुकली, गोधडीवर बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "अडीच फूट? तुम्ही अडीच फूट खाली आहात?" बाबा म्हणाले, "आमी खाली नाय मॅडम. तो वर आसा." मॅडमनी मोजलं, वहीत लिहिलं, कपाळ चोळत म्हणाल्या, "या वर्षी खोदूनच करू. पूर्ण गल्ली." मला इतका आनंद झाला की मी त्यांना दोन वेळा पाणी दिलं.

पूर्ण गल्ली म्हटल्यावर संध्याकाळी चाळीची मीटिंग. नंदकुमार काका उभे राहिले, "काय रे सुशांत, गल्ली अडीच फूट खाली गेली तर आम्ही घरात शिरायचं कसं? शिडी लावू?" शकु काकी म्हणाल्या, "मी गेल्या दिवाळीत टाइल्स घातल्यात रे मेल्या. आता हंडा घेऊन काय उडी मारू दारातून?" बरोबर होतं त्यांचं. सगळे चढून बसलेले, आणि मी म्हणतोय खाली या. मी म्हटलं, "तसं नाही काकी, माझी मोटर..." पण तोपर्यंत मीटिंग नाक्यावरच्या कचऱ्याच्या डब्यावर गेली होती. ठराव झाला, गल्ली खाली जाणार नाही. बाबा म्हणाले, "ठराव करा. रस्त्याक वाचता येता काय?" आणि उठून गेले.

मला वाटलं, झालं, वाट लागली. पण मॅडमनी माझा अर्ज परत काढला, वाचला, आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही गल्लीचं मागितलंच नाहीये. आमच्या दारासमोरचा रस्ता, एवढंच आहे. हे तर करता येईल. यात कोणाची हरकत?" काकांनी अर्ज वाचला. काकींनी चष्मा लावून वाचला. कोणाची हरकत नव्हती. उलट काकी म्हणाल्या, "पोरगा समजूतदार आहे हो, आपल्यापुरतंच मागतो."

आणि मार्चमध्ये काम झालं. तक्रार कामाची नाहीच, मी पुन्हा सांगतो. मुकादम राजेश म्हणून होते, त्यांनी काय सुबक काम केलं. आमच्या दारासमोर सात फूट लांब चौकोन आखला, आणि खणायला घेतलं. सगळ्यात वर काँक्रीट. त्याखाली लाल पेव्हर ब्लॉक, मग राखाडी. मग एका काँक्रीटवर एका लहान मुलाचा पाय उमटलेला. राजेश म्हणाले, "कोणाचा रे हा?" माझा होता. मी सात वर्षांचा असताना ओल्यावर पाय दिला होता आणि बाबांनी मारलं होतं. बाबांनी तो तुकडा उचलून बाजूला ठेवला. आणि अगदी खाली, मातीवर, एक शहाबादी लादी निघाली. बाबांनी तीस वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा स्वतःच्या हाताने दारात बसवलेली. बाबा त्या लादीवर जाऊन उभे राहिले. चपला काढून. दुपारचं ऊन, लादी तापलेली, पण उतरेनात. म्हणाले, "इलो बघ जाग्यार." राजेशनी काम थांबवलं, सगळ्या कामगारांनी पाणी वगैरे पिऊन घेतलं. कोणी घाई केली नाही.

मग दोन्ही बाजूंनी तीन-तीन पायऱ्या केल्या, बाजूला कठडा, त्याला पिवळा रंग. गल्लीतून जायचं तर आमच्या दाराशी तीन पायऱ्या उतरायचं, सात फूट चालायचं, तीन पायऱ्या चढायचं. झकास दिसत होतं. काकी हंडा घेऊन जाताना रोज म्हणायच्या, "सुशांत, तुझ्या घरासमोर आलं की सोसायटीत आल्यासारखं वाटतं रे."

दाराचं मात्र झालं काय, दाराखालच्या विटा आणि आतल्या पायऱ्या बाबांनी फोडल्या आणि दार साडेचार फुटांचंच. खाली अडीच फूट मोकळं. कुत्रं आलं तर वाकायचीसुद्धा गरज नाही. पण बाबांनी तीस वर्षांत कापलेल्या सगळ्या पट्ट्या पलंगाखाली जपून ठेवल्या होत्या. त्यांना माहीत होतं म्हणे, कधीतरी रस्ता उतरणार. एक एक पट्टी क्रमाने परत ठोकली. पूर्ण सात फुटांचं दार, खाली सांधेच सांधे. मी उभ्याने कडी लावली, तुम्हाला सांगतो... उभ्याने. परत काढली, परत लावली.

आता तुम्ही शहाणी माणसं, तुम्हाला पुढचं दिसतंय. आम्हाला दिसलं नाही. मला नाही, बाबांना नाही, नंदकुमार काकांना नाही, मॅडम नवीन होत्या. एवढ्या माणसांनी तो चौकोन बघितला, त्यात उभे राहिले, फोटो काढले, आणि पाणी उताराकडे जातं हे एकालाही आठवलं नाही.

जुलैत दुपारी दोनला पाऊस लागला. अडीच वाजता पायऱ्यांवरून पाणी उतरायला लागलं, डावीकडून पण आणि उजवीकडून पण, सगळ्या गल्लीचं, अगदी शिस्तीत, कठडा धरून आल्यासारखं. राजेशचं काम पक्कं, एक थेंब जमिनीत मुरेना. दाराच्या पट्ट्यांमधून सात ठिकाणी धारा. मी ओरडलो, "बाबा, मोटर." आयुष्यात पहिल्यांदा इतका मोठ्याने ओरडलो असेन, शकु काकी आपल्या घरातून धावत आल्या. बाबांनी मेन स्विच बंद केला, मी मशीन एका बाजूने धरली, बाबांनी दुसऱ्या, काकींनी मधून, आणि पाणी पायाला लागतंय, आणि मशीन ठेवायची कुठे? पलंगावर शर्ट. ओट्यावर आई चढलेली, तांदळाचा डबा घेऊन. तेव्हा बाबा म्हणाले, "धरान ऱ्हवा." गेले बाहेर. कारखान्याच्या भिंतीला लावून उकरलेल्या थरांचे तुकडे ठेवले होते, न्यायला गाडी यायची होती ना. ते एक एक करून आणले, एकावर एक रचले, घराच्या मधोमध. काँक्रीट, लादी, पेव्हर ब्लॉक, परत काँक्रीट, जसे गल्लीत होते तसेच. अडीच फूट. त्यावर मशीन ठेवली.

वाचली. मोटरला पाणी लागलं नाही.

पाणी उतरलं तशी आई खाली आली, त्या चौथऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शेवटाक भराव घातलाच ना?" बाबा म्हणाले, "घर खय चढला? मशीन चढली."

ती मशीन अजून तिथेच आहे. मी स्टुलावर स्टूल ठेवून बसतो, मान छपराखाली वाकलेली, डोकं पंख्याच्या वर एक वीत, त्यामुळे मी काम करत असेपर्यंत पंखा बंद. आई आणि बाबा खाली घामाघूम होऊन धागे कापतात. मी वरून शर्ट सोडतो.

मॅडम आल्या, त्यांनी बघितलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. म्हणाल्या, "खड्डा परत भरून देते." बाबा लादीवर उभे होते. चपला काढून. मी म्हटलं, "राहू दे मॅडम." मग त्यांनी जे हातात होतं ते केलं. वॉर्ड ऑफिसात दरवर्षी पावसाआधी एक यादी लागते, पाणी साचण्याची ठिकाणं. रेल्वेखालचा रस्ता, नाक्यावरचा सिग्नल, बाजारपेठ, आणि त्याखाली एकोणीस नंबरला, "धाकू परब यांच्या दारासमोर". बाबा जाऊन बघून आले. दोनदा.

यादीत आलं की पंप मिळतो. काम म्हणजे काम. पंचवीस मेला पंप येतो, आणि पंपाबरोबर विद्याधर काका येतात, पंप चालवणारे. चार महिने त्यांची ड्युटी आमच्या दारात. पाऊस आला की पंप, नसला की चहा. माणूस इतका साधा, दुपारी बाबांबरोबर धागे कापायलासुद्धा बसतो.

या वर्षी मात्र मी मन घट्ट केलं. म्हटलं, मान गेली, पंखा नाही, बास. बाबांना पण समजावलं, लादी उचलून घरात लावू, खड्डा भरून घेऊ. तयार झाले. अर्ज लिहिला, एका दिवसात लिहिला. निघालो द्यायला. दारात विद्याधर काका. म्हणाले, "कुठे रे?" मी म्हटलं, "वॉर्ड ऑफिसात." ते म्हणाले, "बरं झालं, माझा एक निरोप दे साहेबांना. म्हणावं, मला हीच जागा ठेवा. आधी तीन वर्षं रेल्वेखाली होतो, रात्रंदिवस कमरेएवढ्या पाण्यात. इथे माणसात आल्यासारखं वाटतं. दोन वर्षांनी रिटायर होतोय, तेवढी दोन वर्षं इथेच काढतो."

मी गेलो वॉर्ड ऑफिसात. टेबलासमोर उभा राहिलो. निरोप तेवढा दिला.