पाळण्यात टॅब, कपाटात राऊटर

मंडळी, एक प्रश्न विचारतो. समोरचा माणूस गप्प आहे, म्हणजे त्याला आपलं ऐकू येत नाही, असं समजायचं का? मागे बसलेले मान हलवताहेत. हलवू नका! आधी गोष्ट ऐका.

बार्शीच्या मंदाकिनीबाई घोडके. भाऊ धनंजय जर्मनीत, त्याला मुलगी झाली. आता बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आत्या! हा मान दुसऱ्या कुणाचा? कुणाचाही नाही. पण बाळ तिकडे, आत्या इकडे. मग ठरलं, बारसं फोनवर करायचं. बार्शीत पाळणा सजला, झेंडूच्या माळा लागल्या, आणि पाळण्यात काय ठेवलं? टॅब! हसता काय, तुमच्याकडेही उद्या हेच होणार आहे.

दुपारी पाहुणे जमले. पूर्वी पाहुणा आला की पाणी मागायचा. हल्ली काय मागतो? पासवर्ड! सगळ्यांना दिला. ज्यानं त्यानं आपापला मोबाईल काढला, कुणी क्रिकेट लावलं, कुणी मालिका.

मुहूर्त आला. टॅबवर भावजय दिसली, केतकी. बाई पुढं सरसावल्या, घसा साफ केला — आणि चित्र थांबलं! आवाज नाही, हालचाल नाही. आणि थांबलं ते कसं? केतकीनं तोंड फिरवलेलं, नेमकं तेव्हाच!

"कंपनीच चोर आहे," बाईंचे यजमान पद्माकरराव म्हणाले आणि टॅबला दोन चापट्या मारल्या. टॅबचा काय गुन्हा, सांगा!

पण मंदाकिनीबाई कंपनीवर नाही घसरल्या. त्या त्या चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कंपनी कसली? हिनंच बंद केलंय. बघा, माझं तोंडसुद्धा बघवत नाही हिला. मी नाव ठेवलेलं हिला नकोच होतं. पहिल्यापासून घमेंडी. माझ्या भावाला तोडला आमच्यापासून."

मंडळी, भरल्या घरात बोलल्या हो! पाहुण्या बायका पदर सावरत ऐकतायत. असं ऐकायला कान किती तयार असतात आपले!

तेवढ्यात पद्माकररावांचा मोबाईल वाजला. साधा फोन. केतकी! त्यांनी स्पीकर लावला.

"भावोजी, तुमच्याकडचा राऊटर अडलाय. एकदा बंद करा, थोडं थांबून चालू करा. आणि पाहुण्यांना म्हणावं, जरा वायफाय सोडा."

राव आतल्या खोलीत गेले, भिंतीवरचं बटण बंद केलं, थांबले, चालू केलं. पाहुण्यांनी जड मनानं क्रिकेट सोडलं. तरी चित्र हलेना.

"ठेवलाय कुठं राऊटर?" केतकीनं विचारलं.

राव बाईंकडे बघतात, बाई जमिनीकडे.

"कपाटात," बाई हळूच म्हणाल्या.

"लोखंडी?"

"हो. पाहुणे येणार, पाळण्याशेजारी तो वायरींचा गुंता बरा दिसेना. आणि पोरं बटणं दाबतील म्हणून वर शालू टाकलाय."

बघा! लोखंडी कपाट, दार ढकलून लावलेलं, वर शालू, आणि म्हणे जर्मनीचं चित्र का येत नाही! वाट कुणी अडवली?

बाई स्वतः उठल्या. कपाट उघडलं, राऊटर काढला. चांगला तापलेला. उंच फळीवर मोकळा ठेवला. दिवे लागले, आणि टॅबवर चित्र हललं!

केतकीनं तोंड का फिरवलं होतं, ठाऊक आहे? मांडीवरच्या लेकीला कुंची बांधत होती. कुठली कुंची? मंदाकिनीबाईंनीच शिवून पाठवलेली!

बाई पाळण्याजवळ आल्या. "केतकी... मघाशी मी... तुला ऐकू..."

"सगळं ऐकू आलं, वन्सं. तुमचा आवाज येत होता, माझाच पोचत नव्हता. आधी नाव सांगा. भांडायला अख्खा जन्म पडलाय."

आणि तिनं फोन लेकीच्या कानाशी नेला. मंडळी, बाई पाळण्यावर वाकून म्हणाल्या, "कुर्रर्र... रेवती." मला नुसतं सांगतानाही भरून येतं.

आता तुमच्याकडे येतो. राऊटर कपाटात असेल तर आज काढाच, पण मी त्यासाठी आलो नाही. तुमच्या मनात कुणाचं चित्र अडकलंय? कुठल्या लग्नात पाठ फिरवलेल्या भावाचं? जाऊ म्हणून आलेल्या मुलीचं, एका उलट उत्तराचं? तेवढंच बघत बसलात वर्षानुवर्षं! आणि देवाला म्हणता, तू ऐकत नाहीस. अरे, त्याला सगळं ऐकू जातंय. त्याचं आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण दार आपण लावलंय, वर आपल्या मोठेपणाचा शालू टाकलाय.

तेव्हा टाळ घ्या, नाम घ्या, मोठ्यानं घ्या. आणि घरी गेलात की जेवायला बसण्याआधी त्या माणसाला फोन लावा. तो तुमच्याच फोनची वाट बघत असेल.