सात जणांचा शब्द

मी मूळचा सणसरचा. आज्यापतोर आमच्यात मेंढरं होती, बापानं ती इकली आन् ऊस केला, मी दोन्हीतलं काय शिकलो न्हाय, शिकलो ती कबड्डी. काय सांगू तुमाला, माझे पाय असे चालायचे की धरणारा नुसती भुईच धरायचा. त्या पायांवर साखर कारखान्यानं मला संघात घेतलं, ब्याण्णव-त्र्याण्णव साल आसंल. आमी सात जण, साती हंगामी. गाळप चालू तवर काम, हंगाम सपला की घरी, आन् खेळायचं मातूर बारा म्हैने कारखान्याच्या नावानं.

दत्तूतात्या कन्हेरीचा, आमचा कप्तान, मला खेळ त्यानंच शिकवला. त्यो म्हनला, गुडघा गेला की आपल्याला कोन इचारतंय, अंगात जोर हाय तवर कायमच्या नोकरीचं पत्र मागू. मग आमी साती जणांनी बिरोबाम्होरं हळदीचा भंडारा उचलून आन घेतली, की सगळ्यांना पत्र मिळाल्याबिगर मैदानात पाय टाकायचा न्हाय. कारखान्याचे सायेब म्हनले, बघू पुढं. तात्या म्हनला, मग खेळ बी पुढंच बघा.

बावड्याच्या जत्रंत फायनल होती. आमी कपड्यानिशी कडंला बसून, मानसं वरडत्यात, सायेबांच्या तोंडचं पानी पळालेलं. ते तात्याला म्हनत्यात, उद्या देतो रं सगळ्यांना, तात्या म्हनतोय, न्हाय, आत्ता लिव्हून द्या. आन् सायबांनी खिशातनं पेन काढला, व्हय, मी माझ्या डोळ्यानं बघितला. तेवढ्यात म्होरच्या संघातला एक दांडगा गडी मधल्या रेषेवर आला आन् माझ्याकडं बघून त्यानं, ये म्हनून, थाप मारून मांडी ठोकली.

आता आमच्यात समोरच्यानं मांडी ठोकल्यावर बसून ऱ्हायचं म्हंजी मेल्यासारखंच, बारकेपनापासनं तेच अंगात भिनलेलं. मी उठलो, सदरा काढून फेकला आन् सरळ मैदानात. पत्र न्हाय, भंडारा न्हाय, काय बी ध्यानात ऱ्हायलं न्हाय. मागं वळून बघतो तर सायबांनी पेन परत खिशात घातलेला. मग एकेक करून बाकीचे आले, तात्या सगळ्यात शेवट. जितलो बी आमी, गुलाल उधळला लोकांनी.

हंगाम सपल्यावर पत्रं आली ती दोनच. त्यात एक माझं, तात्याचं न्हाय. मी ते घिऊन कन्हेरीला गेलो, म्हनलो तात्या, फाडून टाकतो. त्यो म्हनला, येडा हैस का, घरात बायकापोरं हायत, जा, सही कर. केली मी सही. दुसऱ्या वर्षी तात्याचा गुडघा गेला, मग त्याला कुनी बोलावलं न्हाय.

आता मी बी कामावरनं सुटलोय. तात्या बारामतीच्या बाजारात भेटतो, लंगडत येतो, च्या पाजतो, पोरांची इचारपूस करतो, आन् शेजारच्याला सांगतो, ह्यो आपला वाघ. देव त्याला उदंड आयुष्य देवो. पर एकदा तरी त्यानं मला चार लोकांत शिव्या घालाव्यात, मी मान खाली घालून ऐकीन. त्यो घालतच न्हाय.