दुखत असेल तर एक दाबा

गादीवाला : ...अगं पण फोन का बंद तुझा? शेजारच्या शिंप्याच्या मोबाइलवरून सकाळपासून लावतोय! जिने चढताना नको नको ते मनात आलं.

आई : आधी धापा टाकायच्या थांबव. आणि तुझ्या फोनला काय धाड भरली?

गादीवाला : तोही बंद! दुकानाचे बंद, घरचा बंद. माझ्या नावावरचे सगळे नंबर तोडले. आणि आजच हॉस्टेलवाल्या बाई गाद्यांची ऑर्डर फोनवर पक्की करणार होत्या.

आई : हात्तिच्या! तरीच. माझं सिमकार्डही तुझ्याच नावावर आहे, नाही का? हे नव्हतं लक्षात आलं.

गादीवाला : काय लक्षात आलं नव्हतं? कंपनीवाले म्हणतात, तक्रारींचा पाऊस पडलाय. धंद्याच्या जाहिरातीला साधा नंबर चालत नाही, वेगळा नोंदवून घ्यावा लागतो, समोरच्याची संमती लागते... मी काय दरोडा घातला? एवढंसं रेकॉर्डिंग! कोण मेला माझ्या वाइटावर टपलाय, कळू दे फक्त—

आई : मी.

गादीवाला : मी काय?

आई : पहिली तक्रार माझी.

(गादीवाला चपलांसकट पलंगावर बसतो.)

गादीवाला : तू? सख्ख्या मुलाची?

आई : मग इतरांना करायला शिकवली. खालच्या डॉक्टरीणबाई, शिवणक्लासच्या सगळ्याजणी. माझ्या फोनमधले नंबर तूच उचललेस ना, फोन दुरुस्त करून देतो म्हणून नेलास तेव्हा? विचारलंस कुणाला?

गादीवाला : ओळखीचेच तर लोक! पण तू का? तू फोन नुसता कापायचास.

आई : कशी कापू? तुझा आवाज. चार महिन्यांनी आला. ‘नमस्कार, पाठ दुखते का?’ मी म्हटलं, दुखते रे बाबा, रात्रभर कूस बदलता येत नाही. तू म्हणालास, ‘दुखत असेल तर एक दाबा.’

गादीवाला : आणि?

आई : दाबला. तर तू पुन्हा पहिल्यापासून, ‘नमस्कार, पाठ दुखते का?’

गादीवाला : अगं, ते मशीन...

आई : ते तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी तुला सगळं सांगून बसले होते. पडले तेही.

गादीवाला : पडलीस? कधी? कुठे?

आई : न्हाणीघरात. सांगितलं की तुला. तू म्हणालास, ‘आमच्या गादीवर दहा वर्षांची हमी.’

(गादीवाला न्हाणीघराच्या दाराकडे बघतो.)

आई : जा आता, हॉस्टेलच्या बाई वाट बघत असतील. दोन गल्ल्यांवर तर आहे. समोर जाऊन बोल, त्याला नोंदणी लागत नाही.

गादीवाला : जाईन. आई... पाठ दुखते का गं?

आई : चपला काढ. पाय वर घेऊन नीट बस. पहिल्यापासून सांगते.