लाल नको, दुसरा रंग द्या!

...आणि तुम्हाला सांगते, मला दारातच उभं केलं हो! नवरा माझा, पण डोकं त्यांच्या घराण्याचं! आमच्या कुमासी शहरात माणूस आईच्या घराण्याचा, म्हणून डॉक्टरांसमोर कोण बसलं? मामासासरे अजेमान! आणि मी दारात, नवऱ्याचे, अद्दाईचे, बूट हातात धरून... मशीनमध्ये जाताना काढले होते ना!

डॉक्टर तावियाह बिचारे समजावत होते, "नाना, ऑपरेशनच्या आधी एवढंच बघायचं होतं, डोक्यातली गाठ रक्त किती पिते. शिरेतून औषध सोडलं, ते मेंदूतून जाताना फोटो काढले. कमी पीत असेल तर गाठ गरीब गाय. जास्त पीत असेल तर..." आणि पडद्यावर बोट ठेवलं. गाठीच्या जागी लालभडक!

झालं! मामासासरे ताडकन उठले. "लाल? अहो, लाल आम्ही मयताला नेसतो! जित्या माणसाच्या डोक्यात आधीच अंथरलंत?" नणंदेनं, दुफिएनं, गळाच काढला. डॉक्टर म्हणाले, "रंग मशीन देतं हो, जिथं रक्त जास्त तिथं लाल." "मग सांगा त्याला, दुसरा दे म्हणावं!" मामासासरे गरजले. मी तोंड उघडलं, तर दुफिए फिस्कारली, "वहिनी, तू मध्ये पडू नकोस!" खरंच की... नवरा माझा, पण डोकं त्यांच्या घराण्याचं!

शेवटी डॉक्टरांनी हात टेकले, तोच फोटो रंग काढून दाखवला. मामासासरे खूश! "हं, काळं-पांढरं! ते तर ऐंशी पार करून गेलेल्याच्या मयताला नेसतात. म्हणजे पोरगा ऐंशी गाठणार! करा ऑपरेशन!" सही ठोकली, आणि सगळी वरात तळलेली केळी खायला गेली.

मी मागं राहिले. "डॉक्टर, रंग गेला... रक्त?"

"पितेय, ताई. खूप पितेय. नक्की काय ते उघडल्यावरच कळेल. गुरुवारी घेतो."

वॉर्डात अद्दाईनं विचारलं, "काय म्हणतो मामा?"

"ऐंशी वर्षं जगशील म्हणतात."

"अरे बापरे! म्हणजे अजून तीस वर्षं मामाच्या ताब्यात?" हसला हो तो... मग मीही हसले. दुसरं काय करणार?

पांढरं कापड इस्त्री करून ठेवलंय, बरा झाला की चर्चमध्ये नेसायला. लाल? आहे ना, कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, स्टुलाशिवाय हात पोचत नाही. आणि स्टूल? ते मी कालच मामासासऱ्यांच्या घरी पाठवून दिलं...