वाढीचं इंजेक्शन

कसबा पेठेतल्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या, छोट्या ओवीची आई आणि पांढऱ्या केसांच्या हेमाताई.

“हेमाताई, तुम्ही कुठे नोकरीला होतात?”

“औषधाच्या कंपनीत. प्रथिनं शुद्ध करायचे.”

“म्हणजे गाळायचं?”

“तसंच समजा. एका इंजेक्शनमध्ये थोडी घाण राहायची, त्यानं सूज यायची. ती काढण्यात माझी निम्मी हयात गेली.”

“कुठलं इंजेक्शन?”

“उंची खुंटलेल्या मुलांना देतात ते.”

“आमच्या ओवीला तेच आहे. रोज.”

“सूज येते?”

“पूर्वी यायची. दंड धरून रडायची. नवीन आल्यापासून नाही.”

“नक्की?”

“अहो, आता टीव्ही बघत टोचून घेते.”

“कुठाय ती?”

“आत उंची मोजतायत.”

“मी आजवर नुसत्या बाटल्याच पाहिल्या. बाहेर आली की दंड दाखवेल मला?”