हरले असते तर गादी मिळाली असती

अहो नाही, नाही, तिथं नका बसू! तो सोफा दिसतोय ना, तो नुसता सांगाडा आहे, त्याच्या गाद्या गेल्या खाली हॉलमध्ये. चटईवर बसा. आणि मी खिडकीकडे बघून बोलतेय म्हणून रागावू नका हं, त्याचं कारण कळेल पुढे. काय म्हणता, पलंगावर बसू? पलंगावर फळी आहे हो! आणि माझी गादी? खाली हॉलमध्ये!

तुम्हाला सांगते, अख्ख्या जोगेश्वरीत कुणाचा नवरा पितो, कुणाचा पत्ते कुटतो... आमचे दशरथराव जिम्नॅस्टिक्स शिकवतात! दिवसभर कंपनीत फिटर, संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये सर. आणि पोरं म्हणावीत तर पोरं कसली, चांगले बाप्ये! खारदांड्याचा लहू, पहाटे होडीवर, संध्याकाळी बारवर. कृणाल घरोघर जेवणाची पार्सलं पोचवतो, विशाल मोबाइलच्या दुकानात. हॉलमध्ये बार आहे, रिंगा आहेत, आणि खाली काय? शहाबादी फरशी! मॅटचा पत्ता नाही. मग एक दिवस आमचे हे पलंगापाशी उभे, डोकं खाजवत. "नलू... दोनच दिवस गं." तीन वर्षं झाली त्या दोन दिवसांना!

बरं, साधीसुधी गादी होती का ती? लग्नात माझ्या बाबांनी कणकवलीहून टेम्पोच्या टपावर बांधून आणलेली! "सावरीचो कापूस आसा, पन्नास वर्सां दबाचो नाय!" दबला हो. मधोमध खळगा पडला, आम्हा दोघांच्या संसाराचा. कुठूनही आडवे व्हा, घरंगळत दोघं मधेच! भांडून पाठ फिरवून झोपायचीसुद्धा सोय नाही. आणि आता त्या खळग्यात कोण? लहू! बार सोडतो, हवेत गिरकी घेतो, आणि धप्प! गादी चार बाय सहा, जरा इकडेतिकडे पडला की फरशी. त्या भीतीनं मेले सगळे बरोब्बर खळग्यातच उतरायला शिकले.

यंदा मंडळाचे सेक्रेटरी राणे आले, नाकातल्या नाकात, "दशरथराव, तीन वर्षं शेवटचा नंबर. यंदाही तेच झालं तर हॉल योगा क्लासला देणार." झालं! यांना जेवण जाईना. पानावर बसायचे आणि भात नुसता चिवडायचे. आणि मी? खोटं कशाला बोलू, मी मनात म्हटलं, हरले तर हरले... माझी गादी तरी वर येईल!

स्पर्धा अंधेरीला. बाकीचे क्लब एकसारख्या ट्रॅकसूटमध्ये, आमच्यांचे निळे तीन तऱ्हेचे. मागून एक जण म्हणतो, "अरे, ये दहीहंडी का पथक इधर कैसे आया?" असा राग आला मला! आणि ते दुसरे, काय उड्या, काय कोलांट्या... पण उतरताना? एक जण पुढे धडपडतोय, दुसरा मागे बसतोय! पाय हलला की मार्क कापतात म्हणे. आमच्यांच्या उड्या साध्या, पण उतरले की उतरले, जागचे हलायचे नाहीत! मार्क चढत गेले, चढत गेले... आणि शेवटी राहिला लहू.

तो बघतो तर खाली ही एवढी मोठी निळी मॅट. गडबडला बिचारा. "सर, एवढ्या मोठ्या मॅटवर मी उतरू कुठं?"

हे त्याच्याजवळ गेले, आवाज अगदी शांत. "काकीची गादी तिथंच घातलीय असं समज."

लहू बारवर गेला. एक झोका, दुसरा झोका, हात सुटले... आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? "देवा, नको मला गादी! त्याचे पाय टिकव!"

धप्प!

हलला नाही. बोटभरसुद्धा हलला नाही! पहिला नंबर! आमचे हे तिथंच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. लहूनं येऊन पाय धरले, "काकी, तुमचे गादीवरच परलो!"

हॉल वाचला. बक्षीस काय? करंडक! आता करंडकावर कुणी उडी मारेल का? आणि दुसऱ्या दिवसापासून नवीन मुलांची ही रांग! राणे स्वतः नातवाला घेऊन हजर. "वहिनी, मुलं वाढली, गाद्या कमी पडतायत... घरात अजून काही मऊ आहे का?" घरात मऊ काय उरलं होतं? माझी उशी! आमच्या सरांनी काल तीही खाली नेली.

मग मी झोपू कशी? तर म्हणाले, "नलू, माझ्या दंडावर डोकं ठेव." ठेवलं. बरं वाटलं हो, खोटं नाही सांगत. पण फिटरचा दंड तो, सावरीचा कापूस थोडाच! सकाळी उठते तर मान आखडलेली, तेव्हापासून ही अशी खिडकीकडे बघतेय. सरांना म्हटलं, आता काय करू?

म्हणाले, "आज दुसऱ्या दंडावर झोप. सरळ होईल."